लिलाव जिंकला, सेलर गप्प: प्लॅटफॉर्म, बँक, १९१५ हेल्पलाइन की ग्राहक आयोग?

ऑनलाइन लिलावात जुन्या नाण्याची बोली तुमच्या नावावर सुटली आणि त्यानंतर सेलर मेसेजला उत्तरच देत नाही. अशा वेळी आधी एवढंच बघा: पैसे गेलेत का, आणि गेले असतील तर कुठल्या वाटेने. कुठे तक्रार करायची हे त्यावरून ठरतं. तुम्हाला राग किती आलाय किंवा सेलरचं रेटिंग किती चांगलं होतं, यावरून नाही.

बडोद्यातलं उदाहरण घेऊ. तिसऱ्या सयाजीरावांच्या छबीचा चांदीचा रुपया, 'सेना खास खेल समशेर बहादूर' असं लिहिलेला. आपल्याकडच्या संग्राहकांना तो हवाच असतो. ईबे या लिलावाच्या साइटची भारतातली शाखा २०१८ साली बंद झाली, त्यामुळे असं नाणं आता मुख्यतः दोन ठिकाणी दिसतं: ईबेच्या परदेशी साइटवर किंवा व्हॉट्सअॅप-फेसबुकवरच्या लिलावाच्या ग्रुपमध्ये. दोन्हीकडचे सेलर सारखेच गप्प बसतात, पण तुमच्या हातातले उपाय अगदी वेगळे असतात.

पैसे अजून दिलेच नसतील तर घाबरण्यासारखं काही नाही, फक्त स्वस्थ बसू नका. ईबेवर विजेत्याने ४ दिवसांत पैसे भरायचे असतात. बडोद्यापर्यंतचं पोस्टेज सेलर कळवत नाही म्हणून तुम्ही थांबलात, तर त्याला व्यवहार रद्द करता येतो आणि पैसे न भरल्याची नोंद तुमच्या खात्यावर लागते. म्हणून एकूण रक्कम साइटवरूनच, लेखी मागवा. 'बाहेरून पाठवा, स्वस्त पडेल' असं उत्तर आलं तर त्या नाण्यावर पाणी सोडा.

पैसे साइटवरूनच भरले असतील तर तुमच्यापुढे तीन दरवाजे आहेत: ईबेची स्वतःची हमी, पेपाल ही ऑनलाइन पैसे भरायची सेवा वापरली असेल तर पेपाल, आणि कार्ड देणारी बँक. ईबेचा दरवाजा सगळ्यात सोपा, पण लवकर बंद होणारा. डिलिव्हरीची जी शेवटची अंदाजे तारीख दाखवलेली असते, तिच्यानंतर ३० दिवसांत 'वस्तू मिळाली नाही' अशी केस उघडावी लागते. सेलरला उत्तरासाठी ३ कामाचे दिवस मिळतात. तो गप्पच राहिला तर ईबेला मध्ये पडायला सांगता येतं, आणि इथे त्याचं मौन तुमच्याच पथ्यावर पडतं. पेपालची मुदत ऐसपैस आहे, पैसे भरल्यापासून १८० दिवस. पण तिथे एक खाच आहे: नुसता वाद नोंदवून थांबलात आणि २० दिवसांत त्याचं दाव्यात रूपांतर केलं नाहीत, तर तो आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडत नाही. बँकेतून चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत, मागायला साधारण १२० दिवस मिळतात. फॉर्म, स्क्रीनशॉट, परत फॉर्म अशी ती वाट असते. बँकेनेही ३० दिवस दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

तिन्ही दरवाजे एकदम ठोठावू नका. पेपाल किंवा बँकेत तक्रार गेली की ईबे आपली केस सोडून देतं. माझ्या मते आधी ईबे. त्याची मुदत गेली असेल तर पेपाल. बँक सगळ्यात शेवटी.

यात खरा घोळ ट्रॅकिंगचा असतो. लबाड सेलर कधी कधी तुमच्याच भागात पोचलेल्या भलत्याच पार्सलचा नंबर चढवतो आणि स्क्रीनवर 'डिलिव्हर्ड' दिसायला लागतं. असं झालं की केस सेलरच्या बाजूने झुकते. त्या नंबरचं पार्सल नेमकं कुणाच्या नावाने आणि कुठल्या पत्त्यावर गेलं, हे ज्याने पोचवलं त्या पोस्टातून किंवा कुरिअरकडून लेखी घ्या. फोनवर कारकुनाने सांगितलेलं ईबेला दाखवता येत नाही.

आता ग्रुप. बोली लागते, अॅडमिन 'सोल्ड' लिहितो, तुम्ही सेलरच्या यूपीआयवर पैसे टाकता. खात्यावर स्वतःहून टाकलेल्या या पैशाला वरच्यासारखं कुठलंही खरेदी-संरक्षण नाही. अॅपमधली तक्रार अडकलेल्या किंवा फेल झालेल्या ट्रान्झॅक्शनसाठी असते. माल आला नाही हे तिच्या हिशोबात बसत नाही. इथे पहिला उपाय अॅडमिनच, कारण सेलरला त्या ग्रुपमध्ये पुढेही विकायचं असतं. अॅडमिनला थेट लिहा: लॉट नंबर (लिलावातल्या नाण्याचा क्रमांक), रक्कम, यूटीआर (पैसे पाठवल्याचा संदर्भ क्रमांक), तारीख. ग्रुपमध्ये बोंबाबोंब नंतर करता येते. मोठ्या लॉटला पैसे भरण्याआधीच अॅडमिनमार्फत व्यवहार करायला सेलर तयार नसेल, तर मी तरी बोली लावणार नाही.

सेलर नियमित धंदा करणारा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन कामाची आहे. तिथे मराठीतही बोलता येतं, गुजरातीतही. मात्र ती मध्यस्थी करते, आदेश देत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्मने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तक्रारीत हे आवर्जून लिहा. पण आजोबांच्या पेटीतलं एखादं नाणं काढून विकणारा घरगुती माणूस या नियमांत येत नाही.

१९१५ ने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे बडोद्यात राहणाऱ्याला बडोद्यातच तक्रार करता येते, सेलर कोलकात्याचा असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षांची, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन. दोन-तीन हजारांच्या पैशा-आण्याच्या नाण्यांसाठी तारखा करण्यात अर्थ नाही. पंचवीस-तीस हजारांच्या चांदीच्या रुपयासाठी आहे. परदेशातल्या सेलरवर मात्र इथून नोटीस बजावणंच अवघड, तिथे हा मार्ग जवळजवळ कागदोपत्रीच राहतो.

१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर वेगळ्या कामाचा. सेलर दोन दिवस बोलत नाही म्हणून तिथे फोन करू नका. पण त्याने ब्लॉक केलं, प्रोफाइल गायब झालं, तेच फोटो दुसऱ्या नावाने दुसऱ्या ग्रुपमध्ये दिसले, तर अॅडमिनच्या उत्तराचीही वाट न बघता लगेच लावा. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच ते रोखून धरता येतात.

ईबेवर फीडबॅक द्यायला ६० दिवस मिळतात. तो पैसे परत आल्यावर लिहा, आधी नको. आणि लिहाल तेव्हा विशेषणं न वापरता तारखा द्या.