आयव्हीएफ केंद्र निवडताना आधी लॅब पाहा

यशाचा आकडा सांगितला की लगेच विचारा, कशाचा? बीटा-एचसीजी (गर्भधारणेची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आलेल्यांचा, की प्रत्यक्ष बाळ झालेल्यांचा? सुरू केलेल्या सगळ्या सायकल (उपचाराच्या फेऱ्या) धरल्या, की फक्त भ्रूण रोपण झालेल्या? तुमच्या वयोगटाचा आकडा वेगळा मागा.

खरा कस लॅबमध्ये लागतो. इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे भ्रूण वाढवण्याच्या पेटीत, ३७ अंश सेल्सिअस आणि ऑक्सिजन ५ टक्के हवा. मोठ्या सामाईक कपाटापेक्षा छोटे बेंचटॉप कप्पे आम्हाला उजवे वाटतात: दार उघडलं की कार्बन डायऑक्साइड घटतो, भ्रूण ज्या द्रवात वाढतो त्या माध्यमाचा पीएच (आम्लतेचं माप) सरकतो आणि त्याचा ताण भ्रूणावर येतो. रात्री बिघाड झाला तर अलार्म कोणाच्या फोनवर वाजतो? उत्तर देताना अडखळले तर दुसरं केंद्र पाहा. डिशवरचं नाव प्रत्येक टप्प्यावर दोघांनी तपासायलाच हवं. रविवारी लॅब बंद असेल तर तारखा भ्रूणाच्या नव्हे, सुट्टीच्या सोयीने ठरतात.