डीव्हीडी प्लेअर एचडीएमआयवर: काही महिने वापरल्यानंतर

घरात नाटकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडींचा एक खोका आहे. नव्या ४३ इंची टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागाच नव्हती, त्यामुळे एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच डिजिटल केबलमधून नेणारी जोडणी) असलेला साधा डीव्हीडी प्लेअर घेतला. गणपतीपासून तो जवळजवळ रोज चालतोय.

आधी केबलबद्दल, कारण दुकानात सगळा जोर तिच्यावरच असतो. सोन्याचा मुलामा, जाड वेष्टण, हजार-दोन हजारांची किंमत. मी दीड मीटरची सगळ्यात स्वस्त केबल उचलली आणि आजवर तक्रार नाही. १०८०पी, म्हणजे १०८० ओळींच्या फुल एचडी चित्राला सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट माहिती वाहून न्यावी लागते. ‘हाय स्पीड’ छापाची केबल १०.२ गिगाबिटपर्यंत झेपवते. शिवाय डिजिटल केबल बिघडली की चित्र किंचित फिकट वगैरे होत नाही. पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर पडदा मधूनच काळा पडतो. तसं काही होत नसेल तर महागड्या केबलने चित्र तसूभरही सुधारणार नाही. दहा मीटर लांब न्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

पिवळ्या पिनेच्या मानाने फरक दिसतो का? दिसतो. त्या एकाच तारेतून रंग आणि उजेड एकत्र यायचे, म्हणून लाल शालूचा रंग कडेला सांडल्यासारखा दिसायचा. ते गेलं. श्रेयनामावलीतली बारीक अक्षरं वाचता येतात. पण डीव्हीडीवर मुळात ७२० बाय ५७६ एवढंच चित्र असतं. प्लेअर ते १०८०पर्यंत ताणतो, नवं काही आणत नाही. व्हीसीडी तर ३५२ बाय २८८. मोठ्या पडद्यावर तिचे चौकोन स्पष्ट दिसतात, खुर्ची मागे सरकवणं एवढाच उपाय.

खरा वेळ सेटिंगमध्ये गेला. जुनी नाटकं ४:३, म्हणजे कमी रुंद आकाराची. प्लेअर ती टीव्हीच्या रुंद १६:९ मध्ये ताणून पाठवायचा आणि नायिका दारात मावेना! प्लेअर आधीच १०८०पी पाठवत असल्याने मूळ आकार टीव्हीला कळत नाही, त्यामुळे दुरुस्ती प्लेअरमध्येच करावी लागते. मेनूत ‘पिलरबॉक्स’ असेल तर तो निवडा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. आईला ते पट्टे खटकतात, मला जाडी नायिका खटकते. माझ्या प्लेअरमध्ये हा पर्याय तीन पायऱ्या आत दडवलाय, त्याबद्दल एक गुण कापतो. टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’सारखा पर्याय चालू केला की कडेचं कापलं जाणारं चित्रही पूर्ण दिसतं.

आवाज येत नसेल तर केबल बदलायला धावू नका. काही इंग्रजी डीव्हीडींवर डीटीएस नावाच्या पद्धतीने साठवलेला आवाजाचा ट्रॅक असतो, तो बऱ्याच टीव्हींना उलगडता येत नाही. प्लेअरमध्ये ऑडिओ ‘बिटस्ट्रीम’वरून ‘पीसीएम’वर न्या, म्हणजे उलगडण्याचं काम प्लेअरच करतो.

टीव्हीच्या रिमोटवरून प्लेअर थांबवता येतो, ही सोय मला सगळ्यात जास्त आवडली. सीईसी असं तिचं नाव, पण कंपन्यांनी आपापली नावं ठेवलीत: सॅमसंगचं ॲनीनेट प्लस, एलजीचं सिम्पलिंक. टीव्हीच्या मेनूत ते चालू करावं लागतं.

भावाने न्यू जर्सीहून पाठवलेल्या डिस्क मात्र चालल्या नाहीत. डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी यासाठी विभाग ठरवलेले असतात; तिकडचा विभाग १, आपला ५. एचडीएमआयचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ब्लू-रेच का नाही घेतला, असं मेहुण्याने विचारलं. डीव्हीडी तोही चालवतो, पण अनेक ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी ओळखतच नाहीत. तुमच्याकडेही असा खोका असेल तर एक व्हीसीडी सोबत घेऊन दुकानात जा आणि तिथेच लावून बघा.