जुन्नर की वाई? घरची सगळी मंडळी बरोबर असतील तर

पुण्याहून दोन दिवस बाहेर पडायचं आहे, रिसॉर्ट नको, एखादं जुनं गाव नीट पाहायचं आहे, असं कुणी म्हटलं की ही दोन तालुक्याची गावं हमखास पुढे येतात. अंतर दोन्हीकडे शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. जुन्नरला जाताना चाकणची कोंडी आहे, वाईला जाताना खंबाटकी आहे, त्यामुळे रस्त्यावरून निवड करू नये असं मला वाटतं. दोन्ही गावं मी घरच्यांबरोबर आणि घरच्यांशिवाय, अशी दोन्ही प्रकारे पाहिली आहेत. हल्ली आमची गाडी बहुतेक वेळा एकाच दिशेला वळते. त्याचं कारण सांगतो, पण तुमच्या घरची माणसं वेगळी असतील तर हिशोबही वेगळा होईल, हे धरूनच वाचा.

आधी जुन्नर, कारण इतिहासाच्या खोलीत त्याच्याशी बरोबरी करू शकतील अशी गावं महाराष्ट्रात थोडी आहेत. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून निघालेला माल नाणेघाट चढून इथे यायचा. त्या व्यापाराच्या पैशावर भोवतालच्या डोंगरांत लेणी कोरली गेली. मानमोडी, तुळजा, लेण्याद्री, शिवनेरीच्या पोटातली, अशी गावाच्या चारी बाजूंना ती पसरलेली आहेत. तुळजालेण्यातला गोल चैत्य (बौद्धांचं प्रार्थनेचं दालन), मधे स्तूप आणि भोवती बारा खांबांचं कडं, हा प्रकार दुसरीकडे सहज पाहायला मिळत नाही. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची सुरुवात इथूनच केली. अहमदनगर नंतर वसलं. १६३० मध्ये शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला. १६५७ मध्ये मुघलांच्या ताब्यातल्या याच जुन्नरवर त्यांनी रात्री छापा घालून घोडे आणि खजिना नेला. आणि मला दर वेळी गडावर उभं राहून आठवणारी गोष्ट ही, की जन्म झाला तो गड महाराजांच्या हाती पुन्हा कधी आलाच नाही. तो मराठ्यांकडे आला थेट शाहू महाराजांच्या काळात.

नाणेघाटाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण बहुतेक लोक तिथे पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला जातात आणि लेण्यात डोकावून परत फिरतात. त्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दान दिले, याची ती यादी आहे. संख्या अंकांत कोरलेल्या आहेत, आणि आपल्याकडच्या अंकचिन्हांचा जुना इतिहास सांगताना या भिंतीचा उल्लेख टाळता येत नाही. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं आहेत आणि खाली पावलांचे अवशेष. घाटमाथ्यावर दगडाचा भलामोठा रांजण आहे, जकातीचा म्हणून ओळखला जातो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाक्यावर आपण उभे आहोत हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही, रांजण पाहिला की कळतं.

मग अडचण कुठे आली? पायऱ्यांपाशी.

जुन्नरमधली जवळजवळ प्रत्येक बघण्यासारखी गोष्ट वर आहे. शिवनेरीला गाडी बरीच उंचावर जाते हे खरं, पण पुढे सात दरवाजे ओलांडत चढायचं असतं. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तुळजालेण्यांसाठी पायवाट चढावी लागते, मानमोडीच्या लेण्यांसाठी शेताच्या कडेने जाऊन डोंगराला भिडावं लागतं. माझ्या आईचे गुडघे आता साथ देत नाहीत. लेण्याद्रीला डोलीची सोय आहे, पण दुसऱ्या माणसांच्या खांद्यावर बसून देवाला जायला ती तयार नाही आणि तिचं म्हणणं मला पटतं. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तेच घडतं. गाडी पायथ्याशी लागते, आई सावलीतल्या टपरीवर बसते, तिच्या सोबतीला कुणीतरी थांबतं, बाकीचे वर जातात. वर गेलेल्यांचं लक्ष खाली असतं. अंबरखान्यापाशी पोचलं की फोन येतो, अजून किती वेळ म्हणून. शिवाई देवीसमोर दोन मिनिटं शांत उभं राहावं तर मन पायथ्याशी. खाली आल्यावर ती विचारते, काय काय पाहिलंत, आणि मोबाइलमधले फोटो दाखवत पुढच्या पायथ्याकडे गाडी निघते. दिवसाअखेरीस एकाच सहलीला आलेल्या माणसांनी दोन वेगवेगळे दिवस घालवलेले असतात.

त्यात अंतरं. लेण्याद्री गावापासून जवळ आहे, पण विघ्नेश्वर गणपतीचं ओझर दुसऱ्या बाजूला, नाणेघाट पश्चिमेला तिसेक किलोमीटर आणि रेडिओ दुर्बिणीचं खोडद पूर्वेला. मधला वेळ गाडीतच जातो. खुद्द गावात सौदागर घुमट आहे, जुनी पेठ आहे, खायला मासवडी मिळते आणि ती चांगली मिळते. पण पाय मोकळे करत दोन तास काढावेत, दमलं की जिथे आहोत तिथेच टेकावं, अशी जागा मला गावात सापडली नाही. कुणाला सापडली असेल तर मला नक्की आवडेल.

वाईचं पारडं इथे जड होतं. तिथे गाडी एकदा लावली की संध्याकाळपर्यंत विसरता येते. कृष्णा गावाच्या मधून वाहते, काठावर सात घाट, घाटांना लागून देवळं, देवळांमागे आळ्या. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ही नुसती पत्त्यातली नावं राहिलेली नाहीत. हिवाळ्यात प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीने होतो, आणि त्या दिवसांत आळीतल्या माणसांना आपला घाट कोणता हे विचारून बघा. अफझलखान १६५९ मध्ये वाईला तळ देऊन होता. ते संकट टळावं म्हणून केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असं गावात सांगतात.

ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत आहे. १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी ते देऊळ बांधलं. पण दर्शन घेऊन लगेच बाहेर पडू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत सरळ नाही. होडीच्या नाळेसारखी टोकदार केलेली आहे, पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. अडीचशेहून जास्त वर्षं कृष्णेचे पूर अंगावर घेत ते देऊळ उभं आहे. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या आवारात गुळगुळीत दगडाचा नंदी आहे. आई तिथे कट्ट्यावर बसली तरी आम्ही तिच्या नजरेत असतो आणि ती आमच्या. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय इथेच झाला.

रास्ते हे पेशवाईतलं बडं घराणं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच. त्यामुळे वाईचा इतिहास म्हणजे मुख्यतः अठराव्या शतकाचा इतिहास, हे मान्य करायला हवं. जुन्नरसारखी दोन हजार वर्षांची थरावर थर साचलेली गोष्ट इथे तुमच्यासमोर उलगडत नाही. जवळ लोहाऱ्याची लेणी आहेत, पण लेण्यांसाठी कुणी वाईला जाऊ नये.

वाईत दुसरंही एक आहे आणि पाहुण्यांना ते सहसा कुणी दाखवत नाही. या गावाने शेदीडशे वर्षं विद्येचा धंदा मनापासून केला. नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञपाठशाळा इथली. विनोबा तरुणपणी त्यांच्याकडे शिकायला येऊन राहिले होते. त्याच पाठशाळेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले आणि पुढे मराठी विश्वकोशाचं काम मुंबई-पुण्यात न जाता या गावात बसलं. पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर आला. नकाशावर एवढुसं दिसणाऱ्या तालुक्याच्या गावातून एका भाषेचा ज्ञानकोश निघावा, याचा मला फार अभिमान वाटतो. तिकीट काढून बघण्यासारखं तिथे काही नाही. तरी गंगापुरीतून चालताना मुलांना हे सांगितलं, आणि मुलीने घरी आल्यावर विश्वकोशाचं संकेतस्थळ स्वतःहून उघडलं.

मेणवली तीन किलोमीटरवर. नाना फडणवीसांचा वाडा खासगी आहे. आत सोडतीलच असं गृहीत धरू नका. आम्हाला कधी आतली भित्तिचित्रं पाहायला मिळाली, कधी दार बंद होतं. घाट मात्र सगळ्यांसाठी मोकळा आहे, आणि खरं तर घाटासाठीच जावं. चंद्रकोरीसारखा वळलेला, वर मेणेश्वराचं देऊळ आणि बाजूला ती मोठी घंटा. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधून आलेली घंटा म्हणून ती ओळखली जाते. घाटावर खाली उतरायला पायऱ्या आहेतच, पण उतरायची सक्ती नाही. वरच्या पायरीवर बसून सगळं दिसतं. आणखी पुढे गेलं की धोमला नरसिंहाचं देऊळ आहे. तिथला दगडी कासवावरचा नंदी कमळाच्या आकाराच्या हौदात बसवला आहे. हौदात पाणी भरलेलं असताना पाहायला मिळाला तर उत्तम.

वाईचा त्रासही सांगितला पाहिजे. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी सगळी गर्दी या गावातून पसरणी घाटाला लागते. शनिवारी सकाळी आणि रविवारी दुपारनंतर बाजारपेठेतून गाडी काढणं म्हणजे शिक्षा आहे. उन्हाळ्यात नदीचं पाणी कमी होतं आणि घाटाजवळ ते स्वच्छ नसतं, हे पाहून वाईट वाटतं. जोराच्या पावसात धोम धरणाचं पाणी सोडलं की खालचे घाट बुडतात. पण गर्दीची वेळ टाळता येते आणि महिनाही निवडता येतो. जुन्नरचे डोंगर काही खाली आणता येत नाहीत.

तुमच्या घरात सगळेच चालणारे असतील, किंवा मुलं वरच्या वर्गात आणि इतिहासात रमणारी असतील, तर मी जुन्नरच सुचवीन, तेही दोन दिवस राहून. पहिल्या दिवशी सकाळी लवकर शिवनेरी, उन्हं उतरल्यावर लेण्याद्री. तिथल्या सातव्या लेण्यात गिरिजात्मज आहे. आत गेल्यावर गणपतीबरोबर वर छताकडेही बघा. एवढं मोठं दालन आहे आणि मधे एकही खांब नाही. बौद्ध भिक्षूंच्या खोल्या तिन्ही बाजूंना अजून आहेत. दुसरा दिवस पूर्ण नाणेघाटाला द्या. विज्ञानाची आवड असलेलं मूल असेल तर २८ फेब्रुवारीच्या सुमारास जा. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची, राष्ट्रीय विज्ञान दिनाला लोकांसाठी खुली करतात. १९ फेब्रुवारीच्या आसपास मात्र शिवनेरीवर प्रचंड गर्दी असते, त्या वेळी गड निवांत बघायची अपेक्षा ठेवू नका.

घरात सत्तरीपुढचं कुणी असेल, किंवा अगदी लहान मूल कडेवर असेल, तर माझ्या मते वाई. आईला आता कुठे जायचं विचारलं तर ती वाईच म्हणते. गणपतीचं दर्शन होतं आणि घाटावर कुणी ना कुणी बोलायला भेटतं, एवढंच कारण ती देते. सणाचा दिवस हवा असेल तर रंगपंचमीला शेजारच्या बावधनचं बगाड असतं, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच लाकडी गाड्यावर टांगून बैलांनी ओढत नेतात ती मिरवणूक. गर्दीत शिरायची तयारी असेल तरच जा, कारण वयस्कर माणसांना ते झेपणार नाही.

वाई ठरली तर निघताना एवढंच करा. शुक्रवारी संध्याकाळीच पोचा आणि नदीपासून चालत जाता येईल अशी राहायची जागा घ्या. हमरस्त्यावरची हॉटेलं थोडी स्वस्त पडतात, पण मग दर वेळी गाडी काढावी लागते आणि वाई निवडण्याचा अर्धा फायदा तिथेच जातो. शनिवारी महाबळेश्वरची रांग सुरू व्हायच्या आत मेणवली उरकून या, दुपारी आराम करा आणि ऊन कलल्यावर गणपती आळीच्या घाटावर जा.