हिस्सा घ्यावा की विक्रीतला वाटा?

समजा, घरगुती मसाल्यांचा एक नवा ब्रँड आहे, महिन्याची विक्री १० लाख आणि त्याला तुमच्याकडून २० लाख रुपये हवेत.

पहिला मार्ग समभागांचा. तुमचे पैसे धरून कंपनीचं मूल्य २ कोटी ठरलं, तर १० टक्के हिस्सा मिळतो. गुंतवणुकीच्या पुढच्या तीन फेऱ्यांत प्रत्येक वेळी कंपनीचा २० टक्के हिस्सा नव्या गुंतवणूकदारांना गेला की तो ५.१२ टक्क्यांवर येतो. तरीही ब्रँड १०० कोटींना विकला गेला, तर ५ कोटींहून अधिक हाती येऊ शकतात. (मोठ्या गुंतवणूकदारांनी करारात आपले पैसे आधी परत घेण्याची अट घातली असेल, तर कमी, ते कलम वाचाच.) ‘मामाअर्थ’ २०१६ साली सुरू झाला आणि त्याची कंपनी शेअर बाजारात आली नोव्हेंबर २०२३ मध्ये. यशस्वी ब्रँडलाही सात वर्षं लागली. बहुतेक नव्या ब्रँडांत तर पैसे बुडतात.

दुसऱ्या मार्गात मालकी नाही. २० लाख द्यायचे आणि २२ लाख फिटेपर्यंत विक्रीचे १० टक्के घ्यायचे. दरमहा एक लाख, म्हणजे २२ महिने. दिवाळीत लवकर फिटतं, मंदीत हप्ता आपोआप घटतो. पण लाभ दोन लाखांवरच थांबतो.

माझं मत ठाम आहे: दिवाळीच्या मालासाठी, खात्रीच्या जाहिरातीसाठी दुसरा मार्ग. नवी चव शोधायला, वितरण उभं करायला मात्र समभागच. जिथे विक्रीच अजून अनिश्चित आहे, तिथे दरमहा १० टक्के काढणं म्हणजे रोपाला पानं फुटण्याआधीच खुडणं.