पाच पात्यांचं एच१४५: पेशंटशेजारी बसून आलेला अनुभव

आमच्या एअर ॲम्ब्युलन्स सेवेने एच१३५ हेलिकॉप्टर बदलून पाच पात्यांचं एच१४५ घेतलं, त्याला आता बरेच महिने झाले. मी वैमानिक नाही, मागे पेशंटजवळ बसणारी डॉक्टर आहे. त्यामुळे हे सगळं केबिनमधलं.

खरा फरक पडला तो पेशंटच्या डोक्याशी. उड्डाणात श्वासनलिकेतली ट्यूब सरकली, तर डोक्यामागे बसून लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघून ट्यूब बसवायचं उपकरण, धरता आला पाहिजे. आधीच्या मांडणीत बाजूने वाकून हे करावं लागे, आता डोक्याशी नीट बसता येतं. उंची वाढली की ट्यूबच्या कफमधली, म्हणजे तिच्या टोकाजवळच्या फुग्यातली, हवा फुगते, तिचा दाब तपासायलाही हात सहज पोचतो. इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोपचा काही उपयोग नसतो, कॅप्नोग्राफची, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारी, रेघच बघायची. म्हणून मॉनिटर कुठे बसवलाय, हे मला इंजिनाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

स्ट्रेचर मागच्या दुपाखी दारातून सरळ आत जातं. शेपटीचा पंखा आवरणात असल्याने धीर वाटतो, तरी पाती फिरत असताना वैमानिकाच्या खुणेशिवाय आम्ही पाऊल टाकत नाही.

वजनाचं गणित मात्र नीट समजून घ्या. एच१३५ चं कमाल उड्डाणवजन सुमारे ३ टन, याचं ३.८ टन. चार पात्यांच्या एच१४५ पेक्षा हे १५० किलो जास्त भार उचलतं, पण केबिन तेवढीच आहे. उन्हाळ्यात हवा विरळ होते तेव्हा हेच १५० किलो कामी येतात. पूर्वी जास्तीचा ऑक्सिजन सिलिंडर घ्यायचा म्हटलं की इंधन कमी करावं लागे, आता ती ओढाताण क्वचितच होते.

वेगाला लोक उगाच भुलतात. ६० किलोमीटरला ताशी २४० च्या वेगाने १५ मिनिटं लागतात, २८० ने जेमतेम १३. ही दोन मिनिटं एक अडकलेला स्ट्रेचर-लॉक खाऊन टाकतो. एडब्ल्यू१३९ हे मोठं हेलिकॉप्टर प्रशस्त आणि वेगवान आहे खरं, पण त्याचं वजन ६ टनांच्या वर जातं. रुग्णालयाच्या छतावरचा हेलिपॅड तो भार पेलेल का, आणि खाली येणाऱ्या हवेच्या झोताने आजूबाजूला काय उडेल, हे आधी बघावं लागतं.

तक्रार एकच, आणि ती आतली वैद्यकीय मांडणी करणाऱ्यांबद्दल. ऑक्सिजनचा गेज माझ्या सीटवरून दिसत नाही, पट्टा सोडून वाकावं लागतं. गेज हलवून द्यायचं त्यांनी मान्य केलंय, काम अजून बाकी आहे. तुम्ही घेणार असाल तर करारावर सही करण्याआधी डॉक्टर आणि नर्सला हेल्मेट घालून, पट्टे बांधून तयार केबिनमध्ये बसवा आणि प्रत्येक गेज, प्रत्येक सक्शन नळीपर्यंत हात पोचतो का ते बघा.