बॉम जेझुस, जुने गोवे: कोल्हापूरकरांनी हे चर्च दगडापासून पाहायला हवे

गोव्याला जाणारा कोल्हापूरकर जुन्या गोव्यात थांबतो, संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांच्या पेटीला लांबून हात जोडतो आणि वीस मिनिटांत किनाऱ्याकडे निघतो. बॉम जेझुस बॅसिलिकेला निदान दीड तास द्यावा. ज्याने पन्हाळा आणि अंबाबाईचे देऊळ या दोन्हींचा दगड जवळून पाहिला आहे, त्याला ही इमारत इतरांपेक्षा लवकर कळेल.

सुरुवात बाहेरून करा. दर्शनी भिंत पश्चिमेकडे आहे, त्यामुळे दुपारी तीननंतरचा उजेड तिच्यावर नीट पडतो. सकाळी ती सावलीत असते. सुमारे 78 फूट उंच आणि 75 फूट रुंद अशी ही भिंत. खाली तीन दरवाजे, त्यावर तीन खिडक्या, त्याहून वर तीन गोल झरोके आणि माथ्यावर जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची आयएचएस ही येशूच्या नावाची अक्षरे. भिंतीचे अंग तांबड्या जांभ्याचे आहे. खांब, भिंतीत बसवलेले अर्धखांब आणि कोरीव पट्ट्या मात्र काळ्या बेसॉल्टच्या, आणि तो दगड जहाजाने वसईहून आणलेला. हा खटाटोप का, ते हात लावला की कळते. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पडतात, हवा लागली की तो घट्ट होतो. पण अंगभर भोके असल्याने बारीक नक्षी त्यात टिकत नाही. बेसॉल्ट घडवायला कठीण, पण एकदा कोरला की धार शतके राहते. अंबाबाईच्या देवळावरची शिल्पे ज्या जातीच्या दगडामुळे आजही ठसठशीत दिसतात, तीच जात इथे वापरली आहे.

आता खरी गोम. ही भिंत मुळात अशी उघडी नव्हतीच. 1594 मध्ये काम सुरू झाले, 1605 मध्ये चर्चचा अभिषेक झाला, आणि जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज वास्तुरचनाकार बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली 1950च्या दशकात हा गिलावा उतरवला गेला. लाल रंग फोटोत देखणा दिसतो, पण पावसाला तोंड देणारा थरच त्यामुळे गेला. कोकणपट्टीतला पाऊस भोकांत मुरतो, आतली पांढुरकी माती धुऊन नेतो, आणि चिऱ्याचे फक्त लोहयुक्त सांगाडे उरतात. चुना ही ओल शोषतो आणि परत सोडतो. स्वतः झिजतो, दगड वाचवतो. दरजांत सिमेंट भरले तर उलटे होते: ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून शेजारचा दगडच पापुद्र्यांनी सुटतो. जमिनीलगतचे चिरे आणि पन्हाळीखालची भिंत नीट पाहिलीत तर झीज कुठे जास्त आहे ते लगेच दिसते. पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद आहे. आमचे मत स्पष्ट आहे: करावा. पर्यटकांच्या फोटोपेक्षा भिंत महत्त्वाची.

ताडून पाहायचे असेल तर रस्ता ओलांडून से कॅथेड्रलपाशी जा. तेही जांभ्याचेच, पण अंगावर पांढरा गिलावा शाबूत. 1562 मध्ये सुरू झालेल्या या कॅथेड्रलचा एक मनोरा 1776 मध्ये पडला, म्हणून ते एकांगी दिसते.

बॉम जेझुसच्या डाव्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला भिंतीला टेकू देणाऱ्या कमानी आहेत. त्या मूळच्या नाहीत, 1862 मध्ये घातल्या. उजवीकडे जेझुइटांचे निवासस्थान जोडलेले आहे, ते चर्चहून जुने.

आत एकच लांब दालन, सुमारे 183 फूट लांब आणि 55 फूट रुंद. मध्ये खांबांच्या रांगा नाहीत, त्यामुळे दारातून थेट सोनेरी वेदी दिसते. तिच्यावर मधोमध जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याचा भव्य पुतळा आहे. उत्तरेच्या भिंतीवर दों जेरोनिमो माश्कारेन्याश या कोचीच्या कप्तानाचे स्मारक आहे. 1593 मध्ये तो वारला आणि त्याने मागे ठेवलेल्या पैशातून चर्च उभे राहिले. बहुतेक जण त्यापुढून न बघता जातात.

झेवियरची समाधी दक्षिणेकडे आहे. संगमरवर आणि जास्पर या रंगीत दगडाचा चौथरा फ्लोरेन्सच्या जिओवान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने घडवला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याची ही भेट, 1698 मध्ये इथे बसवली. वरची चांदीची पेटी त्याहून साठेक वर्षांनी जुनी आणि गोव्याच्या कारागिरांनी केलेली. इटालियन दगडावर गोमंतकीय चांदी, हा जोड इतका बेमालूम बसला आहे की सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. पेटी उंचावर असल्याने खालून तपशील दिसत नाहीत. छोटी दुर्बीण नेलीत तर चांदीच्या पत्र्यावरचे प्रसंग वाचता येतील. चौथऱ्याच्या ब्राँझ पट्ट्या मात्र नुसत्या डोळ्यांनीही पाहता येतात.

अवशेष दर दहा वर्षांनी खाली आणून दर्शनाला ठेवतात. मागचे दर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असे होते, त्यामुळे पुढच्यासाठी बराच काळ थांबावे लागेल. 3 डिसेंबरचा सण आणि त्याआधीची नऊ दिवसांची नोव्हेना, या काळात वास्तू पाहायला जाऊ नका. गर्दीत भिंतही दिसत नाही. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना असते, तेव्हा दुपारनंतरच जा.

कोल्हापूरहून आंबोली घाटाने सावंतवाडी, बांदा, म्हापसा करत पणजी गाठावी. पणजीहून रायबंदरमार्गे जुने गोवे दहाएक किलोमीटर आहे. एसटीने गेलात तर पणजीच्या कदंब स्थानकावरून पुढची बस मिळते. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, आत हळू बोला, समाधीपाशी पोझ देऊन फोटो काढू नका. शेजारचे पुरातत्त्व संग्रहालयही पाहायचे असेल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी ते बंद असते.