‘कर्म’ आणि ‘क्रिया’: अभ्यासासाठी बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ कसं आहे?

तारण (पापातून सुटका) विश्वासाने की सत्कर्मांनी, हा प्रश्न मराठीतून अभ्यासायचा म्हटला की हाताशी येतं ते बहुधा बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे त्याची आर.व्ही. (री-एडिटेड) आवृत्ती. मोठ्याने वाचायला भाषा झोकदार, रोजच्या वाचनाला उत्तम. या एका विषयापुरती मात्र ती सांभाळून वापरावी लागते. अडचण एका शब्दाची आहे.

नव्या करारात पौलाचं पत्र, रोमकरांस ३:२८ काढा. माणूस नियमशास्त्रातल्या (मोशेच्या नियमांतल्या) ‘कर्मांवाचून’, विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवासमोर निर्दोष, ठरतो. आता याकोबाचं पत्र, २:२४. इथे तो ‘क्रियांनी’ नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. इफिसकरांस २:९ मध्ये पुन्हा ‘कर्मे’, आणि लगेच दहाव्या वचनात ‘सत्कृत्ये’. मूळ ग्रीकमध्ये चारही ठिकाणी एकच शब्द आहे, ‘एर्गोन’. आपल्याकडे त्याचे तीन झाले.

वाचताना हे खटकत नाही, आणि गोम तिथेच आहे. पौलाने नाकारलं ते कर्म, याकोबाने मागितली ती क्रिया, मग भांडण कुठे आहे, असं मराठी वाचकाला सहज वाटतं. पौलाचा रोख सुंतेसारख्या नियमशास्त्रीय कर्मांवर होता असं मानणारे अभ्यासक आहेत, त्यामुळे भाषांतर अगदीच निराधार नाही. पण तो अर्थ लावणं झालं. ‘याकोब क्रियेबद्दल बोलतो, कर्माबद्दल नाही’ हा युक्तिवाद मराठीतच उभा राहतो, ग्रीकसमोर आडवा होतो. त्यात आपल्या कानात ‘कर्म’ म्हटलं की कर्मबंधनाचा घोळ आहेच. (प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने उलट केलं. १५२२ च्या जर्मन नव्या करारात त्याने रोमकरांस ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द स्वतः घातला आणि विरोध आणखी धारदार झाला. नव्या करारात ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द येतात ते फक्त याकोबात, तेही नकारासकट!)

जमेची बाजू म्हणजे ‘नीतिमान ठरणे’ दोन्हीकडे सारखं ठेवलं आहे. अब्राहामाचा दाखलाही त्यामुळे नीट ताडून पाहता येतो. दोघेही उत्पत्ती १५:६ उद्धृत करतात, पण याकोब २:२१ इसहाकाच्या अर्पणाकडे, म्हणजे उत्पत्ती २२ कडे जातो. पौल रोमकरांस ४ मध्ये सुंतेच्या आधीच्या विश्वासावर थांबतो.

वापरायची पद्धत अशी. पेन्सिल घ्या, कागद पातळ, बॉलपेन मागे उमटतो. वरच्या चारही ठिकाणच्या शब्दांखाली एकाच प्रकारची रेघ ओढा. मग रोमकरांस ३:२१ ते ४:२५ आणि याकोब २:१४–२६ लागोपाठ, एकाच बैठकीत वाचा. शेजारी इंग्रजी ठेवायची तर ईएसव्ही ही आवृत्ती ठेवा, तिच्यात चारही ठिकाणी ‘वर्क्स’ आहे. एनआयव्ही या इंग्रजी आवृत्तीत याकोबाकडे शब्द फिरतो आणि जुन्या किंग जेम्समध्ये रोमकरांसकडे, म्हणजे तीच अडचण. यूव्हर्जन या बायबल ॲपवर ही मराठी आवृत्ती मोफत असून भाषांतरं शेजारी लावून पाहता येतात.

नेहमीची चूक वचनाच्या आकड्यावर थांबण्याची. इफिसकरांस २:८–९ पाठ असतं, दहावं नसतं. सत्कृत्यांसाठीच आपण निर्माण झालो, हे तिथे आहे. फिलिप्पैकरांस २:१२ मधलं ‘आपले तारण साधून घ्या’ तेवढंच उचललं जातं. ते साधून देणारा देवच आहे, हे तेरावं वचन राहून जातं.

साध्या प्रतीत यातलं काही सांगणारी टीप नाही. बायबल सोसायट्यांचा जुना दंडकच टीपांवाचून छापायचा. ती उणीव भरायला १९९९ मध्ये ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी सही केलेला, नीतिमान ठरण्याविषयीचा संयुक्त जाहीरनामा इंग्रजीतून वाचावा. एकूण ४४ परिच्छेद आहेत. सत्कर्मांसाठी ३७ ते ३९ पुरेत.

कॅथलिक वाचकांनी विकत घेण्याआधी अनुक्रमणिका पाहावी. ६६ पुस्तकांच्या प्रतीत तोबित हे पुस्तक नाही, आणि दानधर्म मरणापासून सोडवतो हे तोबित १२:९ या वादात हमखास निघतं. त्यांनी ७३ पुस्तकांची प्रतच मागावी.